जुन्या सागवानातले गंजलेले खिळे: आधी आत, मग बाहेर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना तुम्ही आजोबांच्या वेळचं दार, खिडकीच्या झडपा आणि माळ्याच्या काही फळ्या जपून आणल्यात. लाकूड बर्मा साग आहे आणि त्याचं जेवणाचं टेबल करायचंय. पण खिळे निघत नाहीत. पंजाच्या हातोडीने ओढले की डोकं तुटतं, नाहीतर फळीवर हातोडीचा खड्डा उमटतो. सुतार म्हणतो, ग्राइंडरने कापून टाका. तुम्ही विचारताय की यासाठी नेमकं कोणतं हत्यार घ्यावं, आणि भिवंडीच्या गोदामातून आणलेल्या पॅलेटच्या (माल रचायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्यांनाही तेच चालेल का.

हत्यार लगेच सांगतो: सुताराचा जंबूर, आठ किंवा दहा इंची. गोल जबड्याचा, समोरून चावा घेणारा. वायरमनची पकड नव्हे. पण नुसता जंबूर आणून तुमचं काम होणार नाही, कारण तुमची अडचण जोर कमी पडण्याची नाहीच. डोकं तुटतंय म्हणजे जोर भरपूर लागतोय. तो लागतोय खिळा मोकळा व्हायच्या आधी, आणि टेकू चुकीच्या जागी ठेवून. या दोन गोष्टी सुधारल्या की साधं हत्यारही पुरतं.

खिळा धरून का बसतो ते आधी बघू. ठोकताना तो लाकडाचे तंतू बाजूला रेटत आत जातो, आणि ते तंतू त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. नव्या खिळ्याची पकड एवढीच असते. जुन्यात गंजाची भर पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे खिळा आहे तिथेच फुगतो आणि त्याचा खरबरीत थर तंतूंमध्ये रुततो. त्यात मुंबईची हवा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, उन्हाळ्यात सोडतं, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. ओल आणि हवा दोन्ही सर्वांत जास्त मिळतात ती पृष्ठभागालगत, म्हणून डोक्याच्या खालची मान सर्वांत आधी झिजते. म्हणजे खाली खिळा फुगून घट्ट बसलेला आणि वर मान बारीक झालेली. अशा खिळ्याला सरळ वर ओढलं तर तुटणार ती मानच.

म्हणून पहिलं काम ओढण्याचं नाही, ठोकण्याचं. खिळ्याच्या डोक्यावर सपाट तोंडाचा पंच, म्हणजे ठोकायची लोखंडी कांडी, ठेवा आणि हातोडीचा एक नेमका फटका द्या. खिळा अर्धा मिलिमीटर आत सरकला तरी पुष्कळ झालं. गंजाची पकड त्या सरकण्याने तुटते. कान द्या: घट्ट खिळ्यावरचा फटका ठणठणीत वाजतो, आणि खिळा सुटला की आवाज एकदम बसका होतो. बसका आवाज आला की थांबायचं. एवढ्याने झालं नाही तर आणखी एक फटका, पण दणादण नाही. मान आधीच कमकुवत आहे, पंच तिरका बसला तर डोकं तिथेच मुडपेल.

आता जंबूर. जबडे डोक्याखाली घुसायला थोडी जागा लागते. डोकं फळीच्या वर असेल तर प्रश्न नाही. फळीच्या बरोबरीला असेल तर अरुंद पटाशीने डोक्याच्या दोन बाजूंना लाकूड किंचित उकरा. त्या दोन बाजू रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेने घ्या, आडव्या नाही. रेषेत उकरलेलं नंतर रंध्याने आणि पॉलिशमध्ये जवळपास नाहीसं होतं, आडवं उकरलेलं डोळ्यात सलत राहतं. चांगली धारेची पटाशी या कामाला वापरू नका, लोखंडाला लागून तिचं तोंड जाणारच. एक जुनी पटाशी यासाठी वेगळी ठेवा.

जबड्यांनी मान धरा, पण कचकचून आवळू नका. जंबुराची तोंडं धारदार असतात, जास्त आवळलं तर गंजलेला खिळा कापलाच जातो. निसटणार नाही इतपतच पकड हवी. मग जंबूर वर ओढायचा नाही, बाजूला लोळवायचा. जबड्याची बाहेरची गोलाई लाकडावर टेकवून दांडे हळूहळू आडवे करत न्या. खिळा कुरकुरत तीन-चार मिलिमीटर वर येतो. थांबा, पकड सोडा, जबडे पुन्हा लाकडाला भिडवून खालून धरा आणि आता उलट्या बाजूला लोळवा. परत खालून धरा, परत लोळवा. एका दमात काढायला गेलात की खिळा वाकतो, आणि वाकलेला खिळा बाहेर येताना भोकाची कड फाडत येतो.

यामागचा हिशेब शाळेतल्या तरफेचाच आहे. जंबूर लोळवताना त्याची गोलाई जिथे लाकडाला टेकते तो टेकू. तिथून खिळा अर्ध्या इंचावर आणि तुमचा हात सात इंचांवर असेल तर हाताचा जोर चौदा पट होऊन खिळ्याला लागतो. पंजाच्या हातोडीचा दांडा लांब असतो, पण तिचं डोकं मोठं असल्यामुळे टेकू खिळ्यापासून आधीच इंचभर लांब असतो, आणि हातोडी कलली की तो आणखी लांब सरकतो. म्हणजे खिळा जसजसा वर येतो तसतसा जोर घटतो आणि खिळा तिरका ओढला जातो. तुमचे खिळे तुटण्याचं हे दुसरं कारण. जंबुराने दर वेळी खालून नवी पकड घेता येते, म्हणून टेकू खिळ्याजवळच राहतो. माझ्या मते जंबूर सरस ठरतो तो एवढ्यासाठीच.

जितका जोर खिळ्याला वर ओढतो, जवळपास तितकाच टेकूखालचं लाकूड दाबतो. तुमच्या फळीवरचे खड्डे त्याचे आहेत. म्हणून टेकूखाली काहीतरी हवंच. मी जुन्या लांबीचा पत्रा वापरतो, म्हणजे पेंटर भिंतीला पुट्टी भरायला वापरतात ती पातळ पट्टी. पातळ असल्यामुळे जबडे डोक्याखाली घुसायला आड येत नाही आणि दाब पसरतो. खिळा अर्धा बाहेर आला की पत्र्याऐवजी प्लायवुडचा तुकडा ठेवा, मग आणखी जाड ठोकळा. खिळा जितका वर तितका टेकूही वर. हातोडीनेच काम करायचं असेल तरी ही एक सवय लावा, निम्मी तोडफोड कमी होईल.

मात्र सगळे खिळे सारखे नसतात, आणि इथून पुढचं तुमच्या लाकडात नेमकं काय आहे त्यावर अवलंबून आहे.

आजोबांच्या वेळच्या दारात दोन प्रकारचे खिळे सापडू शकतात. एक चौकोनी, खाली निमुळते होत जाणारे, पत्र्यातून कापलेले किंवा लोहाराने घडवलेले. दुसरे गोल, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचे, तारेचे. चौकोनी खिळा दिसायला दांडगा असतो, पण निमुळता असल्यामुळे एकदा तीन-चार मिलिमीटर हलला की त्याची सगळी पकड एकदम सुटते. गोल खिळा शेवटच्या इंचापर्यंत घासत येतो. पण गोल खिळ्याचा एक फायदा आहे, तो फिरवता येतो. वाइस ग्रिपने (आवळल्यावर जागच्या जागी अडकून राहणाऱ्या पकडीने) डोकं घट्ट धरा आणि थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे फिरवा. गंज आतल्या आत मोकळा होतो. चौकोनी खिळ्याला हे करायला गेलात तर लाकूड चिरेल.

तुमच्या दाराची मला जास्त काळजी वाटते. उभ्या फळ्या आणि मागून आडव्या पट्ट्या असं जुनं दार असेल, तर पट्ट्यांचे खिळे बहुतेक मागच्या बाजूला मुडपून लाकडात बसवलेले असणार. सुतार मुद्दाम लांब खिळा घेत, टोक पलीकडून बाहेर काढत आणि वळवून परत लाकडात ठोकत, म्हणजे दार कितीही आपटलं तरी खिळा हलू नये. असा खिळा पुढून ओढून निघायचाच नाही, तो तुटेल किंवा फळी फोडेल. दार उलटं करा. पट्टीवर हात फिरवला की रंगाखाली अर्ध्या-पाऊण इंचाचे उंचवटे लागतील, ती वळवलेली टोकं. जुन्या पटाशीचं तोंड टोकाखाली घाला, हलक्या हाताने ठोकून टोक वर उचला आणि जंबुराने उभं सरळ करा. हे काम सावकाश करा, कारण टोक इथे तुटलं तरी चालतं, पण अर्धवट वाकडं राहिलं तर पुढच्या पायरीला अडतं. टोक सरळ झालं की त्यावरच हातोडी मारून खिळा पुढच्या बाजूने बाहेर ढकला. दाराखाली, खिळ्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे ठेवा, नाहीतर डोकं बाहेर यायला जागाच राहणार नाही. डोकं वर आलं की पुढून जंबूर. वर उरलेलं टोक बारीक आणि वाकडं असेल तर ते लाकडालगत कापून टाका आणि उरलेला खिळा पंचने मागून ठोका.

डोकं आधीच तुटलेले खिळेही तुमच्याकडे असतील. खिळा फळीतून आरपार गेला असेल तर मागून बारीक पंचने ठोकून तो पुढे काढता येतो, आणि हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. आरपार नसेल तर खिळ्याभोवती अरुंद गोल पटाशीने चार-पाच मिलिमीटर खोल उकरा, वाइस ग्रिपने बुंधा धरा आणि जंबुरासारखंच लोळवून काढा. भोक मोठं होतं, पण ते सागाच्याच गुल्लीने, म्हणजे लाकडी बुचाने, बुजवता येतं.

तरीही एखादा हलत नसेल तर उष्णता द्या. साधं सोल्डरिंग आयर्न खिळ्याच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा. तापलेला खिळा फुगून भोवतालचे तंतू दाबतो, तंतूंमधली ओल सुकते, आणि खिळा थंड होऊन आकसला की मध्ये जरा जागा राहते. थंड झाल्यावरच ओढा. ज्या लाकडावर जुना ऑइलपेंट किंवा पॉलिशचा थर आहे तिथे हे करू नका, आधी तेवढा भाग खरवडून घ्या. ब्लोटॉर्च तर अजिबात नको. गंज सोडवायचं तेल बरेच जण सुचवतील. लोखंडाच्या नटबोल्टला ते उत्तम आहे, पण लाकडात ते खिळ्याच्या कडेने खाली उतरण्याऐवजी तंतूंमध्येच पसरतं. मग तिथे ना फेविकॉल धरत ना पॉलिश. साग मुळातच तेलकट आहे, त्यात आणखी तेल कशाला?

तर क्रम असा: मागची टोकं बघा आणि सरळ करा, पंचने एक फटका आत, पत्रा ठेवून जंबुराने दोन्ही बाजूंना लोळवत बाहेर, डोकं तुटलं तर मागून पंच किंवा वाइस ग्रिप, आणि अगदीच अडलं तर उष्णता.

आता सुताराच्या ग्राइंडरबद्दल. त्याचं म्हणणं मला कळतं, त्याला रोजंदारी दिसते. पण कापलेला खिळा आत राहतो आणि फळी रंध्याखाली किंवा कटरखाली गेली की पात्याचं तोंड उडवतो. यंत्राच्या रंध्यावर तर तुकडा उडून माणसाला लागू शकतो. शिवाय ग्राइंडरच्या ठिणग्यांनी सागावर काळे डाग पडतात. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ साली मुंबईतच स्थापन झाली, आणि त्या काळापासून बर्मी साग इथल्या घरांना लागत आला. आता म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली आहे. तुमच्या हातातल्या फळ्यांसारखं दाट रेषेचं जुनं लाकूड नव्याने मिळणं अवघड आहे, त्यासाठी दोन रविवार जास्त गेले तरी चालेल असं मला मनापासून वाटतं.

पण खिळा आत ठेवणं कधीकधी शहाणपणाचं असतं. गाठीत बसलेला, फळीच्या टोकापासून इंचभरावर असलेला किंवा काढताना फळी चिरायला लागलेला खिळा तसाच राहू द्या. पंचने तो चार-पाच मिलिमीटर आत ठोका, वर गुल्ली बसवा आणि त्या जागी खडूने ठळक खूण करा. त्या फळीला यंत्राचा रंधा लावू नका, पॉलिशपेपरवर भागवा. सगळं झाल्यावर जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून सावकाश फिरवा. राहिलेला तुकडा जवळ आला की ते ओढलं जातं. सुताराकडे फळ्या देण्याआधी हे कराच, आणि त्यालाही करून दाखवा.

पॅलेटचं थोडक्यात. तिथे हा जंबूर फारसा कामाचा नाही. पॅलेटचे खिळे पीळ दिलेले किंवा अंगावर कड्यांसारख्या वळ्या असलेले असतात, ते ओढले जाऊ नयेत म्हणूनच तसे बनवतात, आणि पाइन मऊ असल्यामुळे डोकं लाकडातून फाडत येतं. तिथे फळी आणि खालचा ठोकळा यांच्यात पहारीने फट पाडून हॅक्सॉ ब्लेडने खिळे कापा, डोकी पंचने मागून ठोकून काढा. एक गोष्ट आधी बघा: परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा शिक्का असतो. त्यावर 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान अर्धा तास ठेवून. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. तसलं लाकूड घरातल्या जेवणाच्या टेबलाला वापरू नका.

सुरक्षेबाबत तीन गोष्टी. डोळ्यांना चष्मा हवाच, तुटलेलं डोकं उडतं तेव्हा सावध व्हायला वेळ नसतो. खिळा लागलाच तर धनुर्वाताची भीती गंजामुळे नसते, धुळीमातीतल्या जिवाणूंमुळे असते. म्हणून जखम धुवा आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. तिसरी गोष्ट रंगाची. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. त्यामुळे दाराचा जुना हिरवा-निळा रंग कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, चांगला मास्क लावा, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम घराबाहेरच करा. सोसायटीत दुपारी ठोकाठोक चालत नसेल तर गच्चीची परवानगी आधीच घ्या, आणि फळीखाली गोणपाटाची घडी ठेवा, आवाज बराच कमी होतो.

जंबूर नागदेवी स्ट्रीटला बघून घ्या, ऑनलाइन मागवू नका, कारण तो हातात घेऊन तपासावा लागतो. जबडे मिटून उजेडासमोर धरा, मधून उजेड दिसला तर परत ठेवा. बिजागरी ढिली नको. आणि जबड्यांचं तोंड समोरून जितकं सपाट तितकं चांगलं, कारण धार आतल्या बाजूला दबलेली असेल तर लाकडालगतचं डोकं पकडताच येत नाही. थोडासा फरक असेल तर दुकानदाराला ग्राइंडरवर तोंड सपाट करून द्यायला सांगा, तापवून निळं पडू न देता. ग्राइंडर वापरायचा तर तो इथे.

खिळे निघाल्यावर भोकांभोवती काळपट डाग राहतील. ती लोखंडाची लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी झालेली प्रक्रिया आहे, घासून जात नाही, खोल असते. नको असतील तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे ऑक्झॅलिक ॲसिड मिळेल. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. ब्रशने लावा, डाग फिका पडला की भरपूर पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या आणि लाकूड सावलीत आठवडाभर वाळू द्या. ते विषारी आहे, स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. भोकं बुजवायला त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल चालतं, पण पॉलिश चढल्यावर ती जागा गडद दिसते. मोठ्या भोकांना रेषेला रेष जुळवून सागाची गुल्ली बसवा. लहान चौकोनी भोकं मी स्वतः उघडीच ठेवतो, फक्त जेवणाच्या टेबलावर अन्न अडकू नये म्हणून त्यात पारदर्शक इपॉक्सी भरून वरून सपाट करतो.